या जागेला काय म्हणता?

माणसं काय काय साठवतात! माझी नणंद स्टीलचे डबे साठवते, आमच्या कॉलेजातले देवरे सर वाळलेलं गवत साठवतात, आणि माझ्याकडे साठलाय संशय. माझा नव्हे, लोकांनी आमच्यावर घेतलेला! त्या वर्षी इतका मिळाला की अजून पुरतोय. स्टाफरूममध्ये डबे उघडले की कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, ते सापाचं सांगा ना!" सापाचं सांगितलं की स्थळाचं निघतं, स्थळाचं निघालं की खड्ड्याचं. म्हणून म्हटलं, एकदा सगळंच सांगून टाकावं.

तर झालं असं. मी धुळ्याला मराठी शिकवते, देवरे सर वनस्पतीशास्त्र. दोघांनी मिळून एक प्रकल्प घेतला. खानदेशात मोकळ्या गवताळ जागांना लोक काय काय म्हणतात, ते गोळा करायचं. माळ, कुरण, गायरान, बरड, पडीत... जागेचे शब्द माझे, तिथल्या गवताची नावं सरांची. पाऊस ओसरला की निघायचं आणि गवत वाळून जायच्या आत परतायचं. जीप रघुनाथ आप्पांची. चालवणारेही तेच.

यात घाबरण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटलं होतं. पण दिवस कसे आहेत बघा. कुठे सोलरचं कुंपण पडतंय, कुठे रस्ता जातोय, कुठे गोडाऊन उठतंय. अशात जीपमधून तीन माणसं उतरतात, मोकळ्या जागेकडे टक लावून बघतात, आणि तिचं नाव विचारतात. प्रेमापोटी विचारतात, हे कोणाला पटणार?

*

पहिलंच गाव दोंडाईच्याच्या अलीकडचं. गावाबाहेर नजर पोचेल तिथवर पिवळं होत आलेलं गवत. निंबाखाली एक आबा बसले होते. मी हात जोडले.

"आबा, राम राम. ती समोरची मोकळी जागा आहे ना, तिला तुम्ही काय म्हणता?"

"कसाले पाहिजे?"

"अभ्यास करतोय."

"कसाना?"

"शब्दांचा."

आबांनी माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, मग जीपच्या नंबरप्लेटकडे जरा जास्तच वेळ बघितलं. म्हणाले, "तुम्हीन त्याले काय म्हनतस?"

मी भाबडेपणाने म्हटलं, "आम्ही माळ म्हणतो."

आबा उठलेच! गल्लीकडे तोंड करून ओरडले, "अरे संतोष! ह्या त्याले माळ म्हनतस! घेवाले उनात रे!"

जमीन घ्यायला आलेत म्हटल्यावर बघता बघता गर्दी झाली. संतोष म्हणजे त्यांचा मुलगा. तो पुढे आला आणि एकेक शब्द तोलून म्हणाला, "मॅडम, आम्हीन त्याले काहीच म्हनतस नही."

त्यानंतर आम्ही ज्या दारात गेलो तिथे तेच. पिठाच्या गिरणीत, दुकानावर, देवळाच्या ओट्यावर. "काहीच म्हनतस नही!" बोलायला जेमतेम लागलेली एक पोरगी आईच्या कडेवरून आम्हाला बघून आपणहून म्हणाली, "काहीच नही!"

संध्याकाळी सर लॅपटॉपवर नोंद करत होते. मी डोकावले. शब्द: काहीच नही. अर्थ: मोकळी गवताळ जागा. प्रदेश: शिंदखेडा तालुका.

"सर, हे काय?"

"मॅडम," सर शांतपणे म्हणाले, "इतक्या लोकांनी एकमुखाने सांगितलेला दुसरा शब्द तुम्ही मला आणून दाखवा!"

*

त्यातून मी एक शिकले. रस्त्यात उभं राहून विचारायचं नाही, सरळ ग्रामपंचायतीत जायचं. म्हणून पुढच्या गावी गेलो ते थेट सरपंचांकडे. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, समोर चहा. अगदी अगत्याने बसवलं. मी म्हटलं, "सरपंचसाहेब, थोडी माहिती हवी होती. तुमच्या गावात कुरण आहे का?"

सरपंचांचा कप ओठाशी थांबला.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगितलं असं कोणी नाही. पण जुन्या लोकांकडून ऐकलं की इथे पूर्वी मोठं कुरण होतं."

त्यांनी कप ठेवला, उठून दार लोटलं, आणि आवाज खाली आणला. "कोणत्या पेपरच्या तुम्ही?"

"पेपरच्या नाही हो. कॉलेजच्या."

"मग विरोधकांनी पाठवलं असेल. मॅडम, स्पष्ट सांगतो. माझ्या काळात इथे कुरण-बिरण काही नाही! आधीच्या सरपंचाला विचारा. त्याच्या काळात सगळे चरत होते. मी आल्यापासून एकानेही तोंड घातलेलं नाही!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेपरात रोज छापून येतं ते कुरण! मी घाईघाईने म्हटलं, "अहो, ते नाही. गवताचं कुरण. गुरं चरतात ते!"

सरपंचांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! खुर्चीत रेलले, दार उघडायला सांगितलं, आमच्यासाठीही चहा मागवला. इतका वेळ पुस्तकी बोलणारा माणूस एकदम घरच्या बोलीवर आला.

"गवतनं व्हय! तसं सांगा ना मंग. ते तर कव्हाच खाई टाकं!"

*

आता खड्ड्याचं. हा किस्सा सरांसमोर सांगितलेला सरांना आवडत नाही.

धरणगावच्या बाजूला, चहूकडे कपाशी आणि मधेच बरडाचा एक तुकडा. मुरमाड, उंचवट्याचा, त्यामुळे नांगरातून सुटलेला. सरांकडे पांढऱ्या पाइपची एक चौकोनी चौकट असते. ती गवतावर टाकायची आणि आतल्या काड्या बघायच्या. सर गुडघ्यांवर बसले, डोळ्याला भिंग लावलं, आणि एकदम श्वास रोखून थांबले.

"मॅडम, हे गवत मी कधीपासून शोधतोय. तेच असावं. फुलोरा अजून पूर्ण उमललेला नाही, उद्या सकाळी येऊन खात्री करू."

तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली. वरचा माणूस बराच वेळ बघत असणार.

"काय सापडनं, सर?"

देवरे सरांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा मोठा दोष. ते म्हणाले, "अजून नक्की सांगता येत नाही. पण मी जे शोधतोय ते इथेच आहे. कृपा करून कोणाला सांगू नका. लोक येऊन तुडवतील."

आणि खूण राहावी म्हणून चौकट तिथेच ठेवून आम्ही परतलो!

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर चौकटीच्या जागी खड्डा. चौकोनी, काठ अगदी चौकटीच्या मापाचे. छातीइतका खोल! काठावर चार जण बसलेले, डोळे लाल, अंगावर माती. मोटारसायकलवाला त्यातच. आम्हाला बघून कोणी पळालं नाही. उलट तक्रारीच्या सुरात म्हणाले, "सर, इतलं खांदं. काहीच नही सापडनं. तुम्हीन जागा बराबर सांगी व्हती ना?"

सर मातीच्या ढिगाऱ्यापाशी बसले आणि हाताने ढेकळं फोडू लागले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. घरातलं माणूस गेल्यासारखा. बऱ्याच वेळाने एका ढेकळात मुळासकट एक ठोंब निघाला. सुकलेला, पण एका काडीला हिरवा कोंब. सरांनी रुमाल ओला केला, तो ठोंब त्यात गुंडाळला, आणि पहिल्यांदा बोलले. अगदी स्वतःशी.

"सापडलं!"

चौघेही एकदम उभे राहिले.

"मंग आम्हना वाटा?"

*

सर खोटं बोलत नाहीत तसे सोपंही बोलत नाहीत. 'जागा' म्हणवत नाही त्यांना, 'स्थळ' म्हणतात. भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठी एका गावात चांगलं गवत उरलंय असं कळलं. तिथल्या एका पाटलांना सरांनी माझ्यासमोर फोन केला. "नमस्कार. आम्ही उद्या आपल्या गावी स्थळ पाहायला येत आहोत. सोबत एक मॅडमही असतील."

माझ्या तरी तेव्हा लक्षात आलं का? नाही!

गेलो तर अंगण सारवलेलं, ओट्यावर नवी सतरंजी. पाटील इस्त्रीच्या कपड्यात. आत शेवभाजीचा वास. आप्पांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, सावध राहा. आपल्याले आतापर्यंत कोणी पाणी विचारलं नही, आणि इथे शेवभाजी? कशावर तरी सही मागतील, पाहा."

मलाही ते पटलं. मी ठरवलं, कशावरही सही करायची नाही.

पाटलांच्या बहिणीने, सगळे त्यांना अक्का म्हणत होते, सरांची चौकशी सुरू केली. "मुलगा काय करतो तुमचा?"

सरांना वाटलं, माणसं चौकस आहेत. म्हणाले, "पुण्याला असतो. कॉम्प्युटरमध्ये."

"काही व्यसन?"

"छे हो! चहासुद्धा घेत नाही."

"स्वभाव?"

"गरीब आहे. आईच्या शब्दाबाहेर नाही."

अक्कांनी पाटलांकडे असं काही बघितलं की माझा संशय पक्का झाला. इथे काहीतरी शिजतंय, आणि ते नुसती शेवभाजी नाही!

तेवढ्यात आतून एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. चांगली उंच, धीट डोळ्यांची, साडीचा पदर सावरण्यात वैतागलेली. सगळ्यांच्या नजरा सरांकडे वळल्या. सर मात्र घड्याळाकडे बघून उठून उभे राहिले.

"चहा राहू द्या हो. आधी गवत दाखवा, ऊन वाढायच्या आत!"

मुलीने ट्रे खाली ठेवला, सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि बापाकडे वळली.

"बाबा, ह्या पहिले गवत दाखाडा म्हनतस. दावं बी आनेल शे का, इचारा!"

*

सापाचा किस्सा लहान आहे, पण मागणी त्यालाच जास्त.

साक्रीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक बाई मेंढ्या घेऊन उभ्या. वय झालेलं, हातात काठी, कपाळावर आडवं गोंदण. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी आमच्याशी गोड बोललं. मला शब्दांवर शब्द दिले. ही बरड, ते पडीत, तो माळ. मी खूष!

विचारलं, "आणि त्या टेकाडाच्या मागे काय आहे?"

"तठे काहीच नही, माय. नुस्ता काटा शे. तठे जाऊ नका."

"का?"

"साप शे. हाऊ इतला!" आणि काठी आडवी धरून दाखवला.

आम्ही मागे फिरलो. पण जीपपाशी आल्यावर आप्पा म्हणाले, "मॅडम, एवढं गोड कोणी फुकट बोलत नही." सरांनाही राहवेना. लांबून वळसा घालून आम्ही टेकाडामागे पोचलो आणि बघतच राहिलो. कमरेइतकं गवत! दाट, मऊ, वाऱ्यावर लोळणारं. आणि त्यात बाईंच्या मेंढ्या. जवळच्या वाटेने आमच्या आधीच पोचल्या होत्या!

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तर म्हणालात इथे साप आहे!"

बाईंनी डोळ्याची पापणी हलवली नाही.

"व्हता ना. तुम्हीन येतस हाई आयकीसन गया."

*

रावेर-यावलकडे गेलो तेव्हा सरांचा जीव घाबरा झाला. जिकडे बघावं तिकडे केळी. उघडं आकाश दिसायला मारामार, उघडी जमीन कुठली! पण गावाला गायरान आहे असं ऐकलं होतं. पहिल्या बागेत एक गृहस्थ घड बघत उभे होते. त्यांना विचारलं. 'गायरान' म्हटल्याबरोबर त्यांनी चहूकडे नजर टाकली आणि आमच्या अगदी जवळ आले.

"त्याच्या केळीखाली हाये," शेजारच्या बागेकडे हनुवटी करून ते कुजबुजले. "माह्यं नाव सांगू नका."

शेजारच्या बागेत गेलो. तिथले भाऊ भडकले. "कोनं सांगतलं? त्यानं? त्याची मोटर कुठी बसली हाये ते पाहा पहिले! ते गायरान नई त काय हाये?" आणि स्वतः बांधावरून चालत येऊन आम्हाला मोटर दाखवली. मग तिसऱ्याचा गोठा दाखवला. तिसऱ्याने चौथ्याचं खळं दाखवलं. ज्याच्याकडे जावं तो दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडी! इतक्या उत्साहाने आम्हाला गाव कोणीच दाखवलं नव्हतं. गायरानाचे तुकडे दिसत होते, गवताची काडी मात्र दिसत नव्हती. सर दर वेळी खाली वाकून बघत आणि तसेच उठत.

शेवटी पारावर एक नाना भेटले. गावातले सगळ्यात जुने, दृष्टी अधू झालेली. सर थकून त्यांच्या शेजारी बसले. म्हणाले, "नाना, खरं सांगा. तुमच्या गावात गायरान आहे की नाही?"

"हाये ना!" नाना म्हणाले. "साऱ्या गावात हाये. थोडं थोडं करून."

*

एवढ्या सगळ्या संशयानंतर एका गावात चमत्कारच झाला. जीपमधून उतरलो आणि लोक हसून बघायला लागले! कोणी पाणी आणलं, कोणी सरांसाठी बाज टाकली. शब्द विचारले तर न अडखळता सांगितले. एका माणसाने सरांचा हात धरून त्यांना बरडावर नेलं, आणि सर वाकून काड्या बघत होते तोवर त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिला. निघताना एक म्हातारी आली. सरांच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "देव बठ्ठं बरं करी, भाऊ."

बठ्ठं म्हणजे सगळं. सर भारावले. जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "पाहिलंत मॅडम? अजून माणुसकी आहे!"

मला मात्र खटकायला लागलं. लोकांच्या संशयाची इतकी सवय झाली होती की माया बघून मलाच संशय आला. आणि आप्पा आरशातून आमच्याकडे बघायचं टाळत होते. मी म्हटलं, "आप्पा, गाडी बाजूला घ्या. सकाळी डिझेल भरायला म्हणून एकटेच पुढे गेला होतात, तेव्हा गावात काय सांगितलंत?"

थोडे आढेवेढे घेतले, मग म्हणाले, "काय करू मॅडम? खरं सांगून थकलो. माणूस गवत बघायला फिरतो म्हटलं तर कोणी इस्वास ठेवत नही. मग सांगितलं, सरांच्या डोक्यावर परिणाम झालाय, मोकळ्यावर फिरवायला सांगितलंय. ते बठ्ठ्यांना लगेच पटलं!"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. मला हसू आवरेना. हसता हसता विचारलं, "आणि माझ्याबद्दल काय सांगितलंत?"

"तुमच्याबद्दल काही सांगावं लागलं नही, मॅडम," आप्पांनी गिअर टाकला. "त्यांनीच ओळखलं."

*

आता हे शेवटचं. त्या गावाचं नाव सांगणार नाही, का ते तुम्हाला कळेलच. तिथे आजही गवत आहे, एवढं मात्र आधीच सांगते. उगाच जीव टांगणीला लावून ऐकू नका.

धुळे जिल्ह्यातलं गाव. मागे आम्ही तिथे गेलो होतो तेव्हा तिथेही आम्हाला कोणी उभं केलं नव्हतं. आणि एक दिवस तिथूनच मला फोन! लताबाई म्हणून ग्रामपंचायतीच्या सदस्य. म्हणाल्या, "मॅडम, आमनी गायरानवर एक मोठा प्रकल्प येनार शे. कागदवर ते ओसाड शे असं लिखेल शे. साहेब पाहाले येनार शेतस. तुम्हीन आनि सर या. आमनाकडथून कोनी शिकेल मानूस बोलाले पाहिजे."

आवाजात काकुळती होती. त्यात संशयही होताच. फोन ठेवता ठेवता विचारलंच, "तुम्हीन त्यासना मानूस नही ना?"

गेलो. भर दुपार. गवत छातीला लागत होतं, पण ऊन असं की पाखरू हलत नव्हतं. गावातले पाचपंचवीस लोक एका बाजूला गप्प उभे. मी सगळीकडे नजर फिरवली. जनावर म्हणून एक दिसत नव्हतं. सरांनी मला हळूच म्हटलं, "मॅडम, मी गवताची नावं सांगीन. पण चरणारं कोणी नसेल तर नावांना कोण विचारतो?"

साहेब आले. तरुण, सभ्य, दिवसभर फिरून दमलेले. सरांचं सगळं नीट ऐकून घेतलं. मग लोकांकडे वळले. "हे पाहा, मी कोणाच्या बाजूने नाही. जे दिसेल ते लिहीन. जागा वापरात असेल तर तसं लिहीन. पण इथे चरतं काय? मला तर काही दिसत नाही. नुसतं उभं गवत आहे. मग याला ओसाड नाही तर काय म्हणायचं?"

लताबाईंनी ओठ आवळून धरले होते.

लोकांमागून त्यांचे सासरे पुढे आले. शामराव आबा. आयुष्यभर गावची गुरं राखलेला माणूस. त्यांनी साहेबांकडे बघितलंच नाही. गवताकडे तोंड केलं, तोंडाशी हात नेला, आणि लांबलचक हाक दिली. "होऽऽ... हा हा होऽऽ!"

काहीच झालं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं.

आबांनी पुन्हा हाक दिली.

लांबवर गवत हललं. एक शिंग वर आलं. मग दोन कान. मग एक पांढरी गाय पाठीवरच्या काड्या झटकत उभी राहिली. तिच्या बाजूला दुसरी. ओढ्याकडच्या उतारावर चार, त्यांच्या मागे आणखी. दुपारची रवंथ करत बसलेली गुरं जिकडेतिकडे गवतातून उठायला लागली. गाई, वासरं, म्हशी... अख्खा माळ उठून उभा राहिला हो! घंटांचा आवाज सुरू झाला. सरांनी चष्मा काढून पुसला. साहेबांच्या तोंडून एवढंच आलं, "बाप रे!"

मग लोक बोलायला लागले, हसायला लागले. लताबाईंनी तीन दगड मांडून तिथेच चहा ठेवला. चहाला उकळी आली तशी त्यांनी पिशवीतून दुधाची थैली काढली, दाताने कोपरा फाडला, आणि पातेल्यात ओतली.

साहेब बघत होते. दूध ओतून संपेपर्यंत बघत होते. मग सावकाश म्हणाले, "लताबाई, एवढी गुरं... आणि चहाला थैलीचं दूध?"

लताबाईंचा हात पातेल्यावर तसाच राहिला. गर्दीत शेजारच्या गावचे दोघे-तिघे होते, त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि लगेच जमिनीकडे. सर खाली वाकून कुठलीतरी काडी तपासायला लागले. आप्पा जीपची स्वच्छ काच पुन्हा पुसायला गेले. मी काय करावं ते न सुचून तशीच उभी.

शामराव आबांनी घाई केली नाही. पातेल्यातला चहा स्वतःच कपात ओतला आणि फुंकून एक घोट घेतला.

"बठ्ठ्या भाकड शेतस, साहेब."

साहेबांनी गुरांवरून नजर फिरवली. ती जाऊन थांबली एका थोराड, भरल्या वशिंडाच्या सांडावर. त्यांनी बोट केलं.

"आणि तो?"

आबांनी सांडाकडे नीट निरखून बघितलं. पहिल्यांदाच बघत असावेत तसं.

"तो बी."